नुस्त्याशिवाय शीत: गोव्यात शाकाहारी व्हायचं असेल तर सुरुवात कशी करायची

सुरुवात जूनमध्ये करा. हे सगळ्यात आधी सांगते कारण मला कोणी सांगितलं नव्हतं, माझी सुरुवात जूनमध्ये झाली ती योगायोगाने आणि म्हणूनच ती टिकली असं मला आता वाटतं. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस ट्रॉलर समुद्रात जात नाहीत, बाजारात नुस्तं (म्हणजे मासे) कमी, जे येतं ते एकतर बर्फातलं नाहीतर खाडीतलं आणि महाग, त्यामुळे घरातल्या बाकीच्यांचाही रोजचा आग्रह थोडा सैल झालेला असतो. बंदी संपायच्या आसपास श्रावण लागतो, मग अर्धा गाव तसाही शिवराक (शाकाहारी) जेवतो, आणि श्रावण संपला की लगेच चवथ. म्हणजे सलग जवळजवळ तीन महिने तुम्ही एकटे वेगळं काही करताय असं वाटतच नाही. नोव्हेंबरात सुरुवात केलीत तर होणार नाही असं नाही, पण तेव्हा बांगडा स्वस्त असतो, घरोघरी भाजल्याचा वास असतो, आणि पहिल्या महिन्यात तो वास सहन करणं खरंच कठीण जातं.

माझ्याबद्दल थोडक्यात. फोंड्याजवळ राहते, नोकरी पणजीला, घरात नवरा, मुलगा आणि सासूबाई, त्यांना आम्ही माई म्हणतो. तिघंही नुस्तं खातात. मी पाच वर्षांपूर्वी सोडलं. कारण विचारतात सगळे, मोठं काही नाही, नुस्तं साफ करायला बसले की मन मागे ओढायला लागलं होतं, आधी कधीतरी, मग रोज, आणि एका मे महिन्यात बोटाएवढ्या बांगड्यांचा वाटा घरी आला तो मला कापवेना. मटण चिकन तर आधीपासूनच कमी होतं. गोव्यात खरा प्रश्न मटणाचा नसतोच, रोजच्या दुपारच्या शीत-कडीचा (भात आणि खोबऱ्याच्या आमटीचा) असतो, म्हणून पुण्या-मुंबईचे शाकाहाराचे सल्ले आपल्याला अर्धेच लागू पडतात.

आधी काय सोडणार ते स्पष्ट ठरवा

कागदावर लिहा म्हटलं तरी चालेल. दूध-दही घेणार का? अंडं खाणार का? सुकं नुस्तं, म्हणजे सुकी सुंगटं (कोळंबी) आणि गालमो (सुका जवळा), हेही सोडणार का? हा शेवटचा प्रश्न लोक विसरतात आणि मग अडकतात, कारण आपल्याकडे कितीतरी भाज्यांत चवीला मूठभर सुकी सुंगटं टाकायची सवय असते आणि ते कोणी "नुस्तं" म्हणून मोजतच नाही. मी दूध-दही ठेवलं, अंडं पहिले सहा महिने खात होते मग आपोआप सुटलं. तुम्ही ठेवलंत तरी हरकत नाही, आपल्याला झेपेल तेवढंच ठरवा पण ठरवलेलं घरात सांगून टाका म्हणजे रोज नव्याने वाद होत नाही.

अजून एक गैरसमज. आपण "शिवराक" म्हणतो तेव्हा डोक्यात सोमवार किंवा देवळातला महाप्रसाद असतो, म्हणजे कांदा-लसूण पण नाही. रोज तसं जेवायची गरज नाही. कांदा लसूण घाला, तिखट करा, गरम मसाला घाला.

तुम्हाला नेमकं काय हवंय ते ओळखा

ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे आणि मला ती माईंनी शिकवली. पहिले दोन आठवडे मी वरण-भात आणि बटाट्याची भाजी खाऊन काढले. पोट भरायचं, पण जेवण झालं असं वाटायचं नाही, दुपारी चार वाजता काहीतरी हवंहवंसं व्हायचं आणि मी समजायचे की मला नुस्त्याची आठवण येते आहे. एक दिवस माईंनी आंबाड्यांची उड्डामेथी केली, उडीद आणि मेथी तेलावर परतून, ओलं खोबरं आणि सुक्या मिरच्यांच्या वाटपात (वाटणात) घातलेली, आंबट तिखट आणि किंचित कडसर, आणि मी तीनदा शीत वाढून घेतलं. माई म्हणाल्या, "तुका नुस्तें नाका गो, कडी जाय." म्हणजे तुला मासे नकोत, कडी हवी आहे. त्या दिवसापासून माझं काम सोपं झालं. आपली जीभ मागते ती खोबऱ्याचं वाटप, सोलांचा (कोकमांचा) आंबटपणा, तिरफळाचा तो जिभेला झिणझिण्या आणणारा वास आणि शितावर ओतायला काहीतरी पातळ. हे सगळं झाडावरचंच आहे. त्यात बांगड्याची फोड होती तिथे दुसरी फोड घालायची, एवढंच.

म्हणून नवीन माणसाला माझं सांगणं, आधी पनीर आणायला धावू नका. पनीर खा कधीतरी, चांगलंच आहे, पण पंजाबी ग्रेव्ही करून कोणी गोंयकार रोज जेवणार नाही, आठ दिवसांत कंटाळा येतो आणि मग माणूस म्हणतो मला शाकाहार जमत नाही.

हुमणाचं (माशांच्या कडीचं) वाटप, तेच पण दुसऱ्या फोडीवर

चार माणसांसाठी एक मोठी वाटी ओलं खोबरं, सात-आठ सुक्या मिरच्या (खोल्याची मिरची मिळाली तर रंग फार सुंदर येतो, काणकोणातल्या या मिरचीला २०१९ मध्ये जीआय (भौगोलिक) मानांकन मिळालंय), चमचाभर धणे, हळद, हवा असेल तर अर्धा कांदा. एकदम बारीक, गंधासारखं वाटायचं, भरड राहिलं तर कडी फुटल्यासारखी लागते. आता घालायचं काय तर पावसात नीरफणस उत्तम, जाड फोडी करून आधी मिठाच्या पाण्यात अर्धवट शिजवून घ्या. नीरफणस नसेल तेव्हा मशरूम, कच्चं केळं, सुरण, शेवग्याच्या शेंगा. फोडी शिजल्या की वाटप घाला, चार-पाच सोलं टाका, एक उकळी, आणि सगळ्यात शेवटी आठ-दहा तिरफळं. तिरफळाची आतली काळी बी काढून टाकायची, फक्त साल वापरायची, थोड्या पाण्यात हलकी ठेचून पाण्यासकट घालायची, आणि जेवताना ती चावायची नाहीत, बाजूला काढायची. झाकण ठेवून दहा मिनिटं विसरून जा. नवीन लोक तिरफळ आधीच घालून खूप उकळवतात मग कडवट होतं आणि मग तिरफळाला दोष देतात.

घरात बाकीचे नुस्तं खात असतील तर यातली युक्ती अशी की वाटप एकदाच करा आणि दोन कुंडल्यांत (मातीच्या भांड्यांत) विभागून घ्या. एका कुंडल्यात त्यांचा बांगडा, दुसऱ्यात तुमचा नीरफणस. काम दुप्पट होत नाही आणि ताटात सगळ्यांच्या एकाच रंगाची कडी दिसते, याने घरातलं वातावरण किती निवळतं हे केल्यावरच कळेल. मी माझ्यासाठी नवीन मातीचं कुंडलं घेतलं, रात्रभर पाण्यात ठेवून दुसऱ्या दिवशी त्यात पेज उकळून घेतली, मग वापरायला काढलं. जुन्या कुंडल्यात नुस्त्याचा वास मुरलेला असतो तो जात नाही, ते घेऊ नका. तवा पण वेगळा ठेवा.

काप

तळलेल्या तुकडीची जागा काप भरून काढतात आणि खरं सांगायचं तर नीरफणसाचे काप माझा मुलगा आता तुकडी सोडून आधी उचलतो. नीरफणस, सुरण, वांगं, कच्चं केळं, कणगी (एक कंद), काहीही. आगशीची मोठी वांगी मिळाली तर ती घ्या, चकत्या तव्याएवढ्या होतात आणि आतून लोण्यासारख्या. अर्ध्या बोटाएवढ्या जाड चकत्या, मीठ हळद तिखट हिंग आणि सोलांचं आगळ (रस) चोळून पंधरा मिनिटं ठेवायच्या, मग रवा आणि तांदळाचं पीठ यात घोळवून खोबरेल तेलावर मंद भाजायच्या. सुरण कापताना हाताला तेल लावा आणि सुरणाला आगळ जरा सढळ लावा नाहीतर घसा खाजतो. घाई करून मोठ्या आचेवर केलंत तर रवा करपतो आणि आत कच्चं राहतं.

कडधान्य रोज, म्हणजे रोजच

इथे माझी चूक झाली होती आणि ती बहुतेकांची होते. नुस्तं गेलं की त्याच्या जागी बटाटा आणि पाव येतो. सकाळी पाव-भाजी, दुपारी बटाटा, संध्याकाळी परत पाव, तीन महिन्यांत वजन वाढलं आणि तरी थकवा. हिशेब साधा आहे, आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) शिफारशीप्रमाणे मोठ्या माणसाला दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रोटीन लागतं, म्हणजे ६० किलोच्या माणसाला साधारण ५०. आधी शंभर ग्रॅम नुस्त्यातून वीसेक ग्रॅम सहज मिळत होतं, ते आता दुसरीकडून आणायचं. ५० ग्रॅम सुकं कडधान्य भिजवून शिजवलं तर त्यात ११-१२ ग्रॅम, मोठा ग्लास दूध ८ ग्रॅम, मूठभर शेंगदाणे ७ ग्रॅम, १०० ग्रॅम पनीर १८च्या आसपास, आणि सोया चंक्स सुके ५० ग्रॅम घेतले तर तब्बल २५. दोन वेळा कडधान्य आणि एकदा दूध किंवा दही झालं, बाकीचं भात-पोळी भरून काढते. मोजत बसायची गरज नाही, पहिला आठवडा मोजा म्हणजे अंदाज येतो.

आणि कडधान्याच्या बाबतीत आपण नशीबवान आहोत. अळसांद्यांचं (चवळीसारख्या मोठ्या दाण्यांचं) तोणाक, म्हणजे भाजलेल्या वाटपाची उसळ, हा माझा आठवड्यातून दोनदाचा पदार्थ. अळसांदे रात्रभर भिजवून शिजवायचे, खोबरं कांदा धणे मिरी लवंग दालचिनी सुकी मिरची हे सगळं खरपूस भाजून वाटायचं (खोबरं तांबूस होईपर्यंत धीर धरा, इथेच चव आहे), बटाट्याच्या दोन-चार फोडी, चिंच किंवा सोल. दुसऱ्या दिवशी अजून छान लागतं म्हणून मी जास्तच करते आणि सकाळी पोदेराकडची (पाववाल्याकडची) गरम पोळी (कोंड्याचा पाव) घेऊन त्याच्याबरोबर खाते. मुगा-गाठी पण आहेत, मोड आलेले मूग सोलून नारळाच्या रसात, त्याला दोन दिवस आधी तयारी लागते म्हणून रविवारसाठी ठेवा. चणे, वाटाणे, कुळीथ. कुळथाचं सार पावसात करून बघा.

चवथीला आपण खतखतं करतो ते वर्षभर का करत नाही हे मला कळत नाही. तूरडाळ, लाल भोपळा, मुळा, कणगी, कच्चं केळं, शेंग, कणसाचे तुकडे, जे असेल ते, खोबऱ्याचं वाटप, सोलं, गुळाचा खडा आणि भरपूर तिरफळ. एका भांड्यात सगळं जेवण.

पावसात बाजारात बसणाऱ्या बायकांकडे जरूर जा, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात तर नक्कीच. तायकिळा (टाकळा), फागलां (करटोली), तेरें (रानअळू), अळू, किल्ल (बांबूचे कोंब) हे सगळं त्यांच्याकडे असतं आणि कसं करायचं ते त्या स्वतः सांगतात. फागलांचे काप आणि तायकिळ्याची खोबरं घातलेली भाजी दोन्ही पाच मिनिटांत शिकण्यासारखं आहे. अळमी (रानातले मशरूम) मिळाली तर भाग्य, पण रानातली अळमी स्वतः वेचायला जाऊ नका, विषारी कुठली ते ओळखणं नवख्याचं काम नाही, आणि वारुळं उकरून अळमी संपत चाललीय ते वेगळंच दुःख आहे.

रक्ताची तपासणी, टाळू नका

बी१२ हे जीवनसत्त्व भाजी-कडधान्यात नसतं, दुधादह्यात थोडं असतं. शरीरात साठा असतो म्हणून सुरुवातीला काही जाणवत नाही आणि माणूस निर्धास्त होतो. मला दीड वर्षाने हातापायांना मुंग्या यायला लागल्या, बसमध्ये उभं राहिलं की पाय बधिर, तपासलं तर बी१२ खूप खाली होतं. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांनी काही महिन्यांत बरं झालं, पण ते टाळता आलं असतं. तुम्ही सुरुवातीलाच एकदा बी१२, हिमोग्लोबिन आणि डी जीवनसत्त्व तपासून घ्या, मग वर्षाने परत, आणि गोळी किती घ्यायची ते डॉक्टर सांगतील तसं.

लोहासाठी पालेभाजी, कडधान्य, नाचणी, आणि त्याच्याबरोबर लिंबू, आवळा किंवा पेरू असं काहीतरी, कारण सी जीवनसत्त्वाने कडधान्यातलं लोह अंगी लागायला मदत होते. जेवल्या जेवल्या चहा पिऊ नका, चहाने उलटं होतं, तासभर थांबा. ही सवय मोडायला मला नुस्तं सोडण्यापेक्षा जास्त वेळ लागला.

कॅल्शियम: बारीक नुस्तं काट्यासकट खात होतो ते गेलं, म्हणून नाचणी. १०० ग्रॅम नाचणीत ३५० मिलीग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. सकाळचं तिझान (नाचणीची पेज) परत सुरू करा, लहानपणी मिळायचं तसं. ओमेगा-३ साठी जवस भाजून चटणी करते, जवसातलं ओमेगा शरीर थोडंच वापरू शकतं हे खरं आहे, ज्यांना डॉक्टर सांगतात ते शैवालाच्या तेलाच्या कॅप्सूल घेतात.

आणि आयोडीन. हे गोव्याच्या माणसाने नीट लक्षात घ्यायला हवं. समुद्रातल्या नुस्त्यातून आपल्याला आयोडीन मिळत होतं. आता नुस्तंही बंद आणि घरात मीठ मिठागरांतलं गावठी असेल तर दोन्हीकडून कमी होतं, कारण गावठी मिठात आयोडीन घातलेलं नसतं. मला मिठागरवाल्यांकडून घ्यायला आवडतं म्हणून लोणच्याला आणि कैऱ्या मुरवायला गावठी, आणि रोजच्या जेवणात आयोडीनयुक्त, असं मी केलंय.

बाहेर खाताना

सकाळी प्रश्न नाही. पणजीत कॅफे भोसले किंवा कॅफे ताटो सारख्या ठिकाणी पातळ भाजी, सुकी भाजी, अळसांद्यांची भाजी आणि मिरची भजी हे इतकं छान मिळतं की तिथे शाकाहारी माणूस तडजोड करतोय असं कोणाला वाटणारही नाही. दुपारी मात्र विचारून घ्या. मी पहिल्या वर्षी एका हॉटेलात शिवराक थाळी मागितली आणि किसमूर (खोबऱ्याची कोरडी कोशिंबीर) आली ती सुक्या सुंगटांची, घास तोंडात गेल्यावर कळलं, वाढणाऱ्या मुलाच्या मनात काही वाईट नव्हतं, त्याला ते नुस्तं वाटलंच नव्हतं. तेव्हापासून मी "व्हेज आहे का" असं विचारत नाही, "यात सुंगट घातलंय का, कडी नुस्त्याची आहे का, काप त्याच तेलात तळता का" असं एकेक विचारते. शांतपणे विचारलं तर कोणी रागावत नाही.

अंडं खाणाऱ्यांनी गाड्यावरच्या रस-आमलेटबद्दल सावध राहा, तो रस बहुतेक ठिकाणी चिकन शागोतीचा असतो, चण्याचा रस आहे का विचारा. अंडं न खाणाऱ्यांनी बिबिंक आणि बातिक (गोव्याचे केक) टाळा, दोन्हीत अंडी असतात. दोदोल (गूळ-नारळाची मिठाई) आणि पेराद (पेरूची वडी) चालतात. पाकिटावर हिरवा ठिपका बघायची सवय लावा.

माणसं

नुस्तं सुटतं, माणसांचं बोलणं सुटायला वेळ लागतो. "नुस्तें खायना जाल्यार किदें खाता गो तूं?" हे मला पहिल्या वर्षी प्रत्येक घरात ऐकावं लागलं. कोणी म्हणालं वैजाने (डॉक्टरने) सांगितलं असेल, कोणी म्हणालं कुठल्यातरी महाराजांच्या नादी लागली. मी सुरुवातीला कारणं द्यायचे आणि वाद व्हायचा, समोरच्याला वाटायचं मी त्याच्या ताटाला नावं ठेवतेय. आता एकच वाक्य, "मला नको वाटतं, तुम्ही खावा सावकाश." आणि माझ्या घरी कोणी आलं तर त्यांच्यासाठी नुस्तं होतं, माई करतात, त्यात मी बोलत नाही. ज्या राज्यात कितीतरी घरं समुद्रावर जगतात तिथे दुसऱ्याच्या जेवणाबद्दल बोलायचा मला अधिकार वाटत नाही.

शेजारच्या आंटी नाताळात ताट पाठवायच्या, मी दोन वर्षं तसंच दुसऱ्यांना देऊन टाकलं आणि मनाला लागून राहिलं. तिसऱ्या वर्षी आधीच जाऊन सांगितलं की मी अंडं सोडलंय. त्या वर्षी ताटात दोदोल, नेवऱ्या आणि पेराद होतं, बिबिंक फक्त मुलासाठी वेगळ्या वाटीत. आधी सांगा. लोक समजून घेतात, त्यांना वेळेत कळलं पाहिजे एवढंच.

मधे कधी मोडलं तर? माझं एकदा मोडलं, माहेरी, आईच्या हातचं बांगड्याचं हुमण होतं आणि ती आजारातून उठून पहिल्यांदा स्वयंपाकाला उभी राहिली होती. खाल्लं. दुसऱ्या दिवशी परत माझं जेवण जेवले. एका जेवणाने पाच महिने वाया जात नाहीत, ते मनाला लावून घेऊन सगळंच सोडून देणारे मी बघितलेत म्हणून मुद्दाम सांगते.

पहिल्या आठवड्याला काय आणायचं ते सांगून थांबते: अळसांदे अर्धा किलो, मूग अर्धा किलो, नारळ सहा-सात, सोलं, तिरफळ, सुक्या मिरच्या, जवस, नाचणीचं पीठ, एक नीरफणस नाहीतर सुरणाचा तुकडा, लिंबं. बाजारातून आल्यावर आधी अळसांदे निवडा आणि झोपायच्या आधी वाटीभर भिजत घाला, कारण सकाळी उठून आठवलं तर मग त्या दिवशी परत बटाटाच होतो.